वसई किल्ल्यातील थडग्यांच्या शिळा : एका मार्गदर्शित फेरीविषयी

वसई किल्ल्यातील चर्चच्या अवशेषांत जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा दाखवणारी एक सकाळची फेरी मी मागच्या हिवाळ्यात केली. तटबंदी आणि १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीम हे सारे पहिल्या दहा मिनिटांत उरकले गेले, आणि ते योग्यच झाले, कारण खरे काम फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या चर्चमध्ये होते.

तिथे मार्गदर्शकाने शिळेवरची धूळ मऊ कुंचल्याने झाडली आणि छोट्या आरशाने उन्हाची तिरीप आडवी टाकली. त्याबरोबर, एरवी नुसता खडबडीत वाटणाऱ्या दगडावर ‘सेपुल्तुरा’ (थडगे) हा पोर्तुगीज शब्द उमटून आला; त्यातील ‘उ’ हा स्वर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रोमन ‘व्ही’सारखा कोरलेला आहे. असे थडगे मृताचेच नव्हे तर ‘त्याच्या वारसांचेही’, अशी नोंद अशा अनेक पोर्तुगीज शिलालेखांत असते, म्हणजे ती जवळपास मालमत्तेची पाटीच म्हणायची. अमेरिकेतील न्यू इंग्लंडमधील स्लेट दगडाच्या थडग्यांवरील शिळांवर पंख असलेली कवटी मृत्यूची आठवण करून देते. इथे मात्र घराण्याचे ढालचिन्ह मिरवते.

तक्रार एकच. गटात पंचवीस माणसे घेतल्यामुळे मागच्यांना अक्षरे दिसेनात, आणि काहींनी ती उठून दिसावीत म्हणून खडूने गिरवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना वेळीच कोणी अडवले नाही. फेरीचे तीनशे रुपये मला जास्त वाटले नाहीत, पण पुन्हा गेलो तर दहाजणांच्या गटातच जाईन, तेही ऊन डोक्यावर येण्यापूर्वी.