अर्धशिशीसाठी अ‍ॅक्युपंक्चर: काही महिन्यांचा अनुभव आणि केसांत राहून गेलेली सुई

अर्धशिशीवर अ‍ॅक्युपंक्चर घ्यायला लागून आता बरेच महिने झाले आहेत आणि मला त्याचा गुण आला आहे, हे आधीच सांगते. तरीही लिहायला बसण्याचे कारण वेगळे आहे. एका सिटिंगनंतर घरी केस विंचरताना कंगवा अडला आणि कवटीच्या खालच्या कडेशी, मानेच्या खळग्यात, एक सुई तशीच टोचलेली हाताला लागली. तिची तारेचे वेटोळे असलेली मूठ दाट केसांत पुरती लपली होती. सुई काढताना दुखले नाही, रक्तही आले नाही. परंतु येताना सबंध वाटेत मी त्याच बाजूला डोके टेकून बसले होते, हे आठवले आणि अंगावर काटा आला.

त्या बिंदूला फेंगची म्हणतात. डोकेदुखीसाठी तो सर्रास वापरला जातो, पण त्याच्या खाली खोलवर मेंदूला रक्त पुरवणारी धमनी असल्यामुळे तेथे सुईची दिशा आणि खोली फार जपावी लागते. मी लगेच फोन केला, तेव्हा ‘सुई इतकी बारीक असते की काही होत नाही’ असे उत्तर मिळाले. सुई बारीक असते हे खरेच आहे. साधारण 0.25 मिलिमीटर जाडीची, आतून भरीव. रक्त काढायची नेहमीची सुई तिच्या तिप्पट जाड असते. पण प्रश्न जाडीचा नव्हताच. जितक्या सुया टोचल्या, तितक्या काढल्या का, एवढाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्या ठिकाणी कोणाकडेच नव्हते.

या एका गोष्टीवर मी अडून बसते, असे घरच्यांचे म्हणणे आहे. मला ते मान्य नाही, कारण हा हिशेब ठेवणे अतिशय सोपे आहे. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या आणि सीलबंद पाकिटातून येतात. पाकिटे रुग्णासमोर फोडावीत, रिकामी पाकिटे ट्रेमध्ये तशीच ठेवावीत आणि शेवटी काढलेल्या सुया मोजून मगच धारदार कचऱ्याच्या डब्यात टाकाव्यात. त्याला एक मिनिटही लागत नाही. ब्रिटनमध्ये 2001 साली 34,000 हून अधिक उपचारसत्रांची पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात एकही गंभीर दुष्परिणाम आढळला नव्हता. म्हणजे पद्धत मुळात सुरक्षित आहे, आणि म्हणूनच निव्वळ निष्काळजीपणाने होणाऱ्या चुकीला माफी नसावी, असे मला वाटते.

त्या आठवड्यात हा उपचारच सोडून द्यायचे मी ठरवले होते. मग डोकेदुखीची वही उघडली. कोणत्या दिवशी दुखले, किती वेळ दुखले, गोळी घेतली का, एवढेच मी तिच्यात लिहीत असे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत फरक जवळजवळ नव्हता. त्यानंतर मात्र दुखण्याचे दिवस निम्म्याच्या आसपास आले होते आणि गोळ्याही त्याच प्रमाणात घटल्या होत्या. हे रागाच्या भरात नाकारता येण्यासारखे नव्हते.

यात सुईचा वाटा किती आणि विश्वासाचा किती, हेही तपासून पाहिले. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2016 च्या आढाव्यात 22 चाचण्या आणि 4,985 रुग्ण होते. महिन्याला सरासरी 6 दिवस अर्धशिशी असेल, तर नेहमीच्या उपचारांनी ते 5 होतात, खोट्या अ‍ॅक्युपंक्चरने (म्हणजे तुलनेसाठी केलेल्या नुसत्या दिखाऊ उपचाराने) किंवा प्रतिबंधक औषधाने 4, आणि खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने साडेतीन, असा त्याचा सारांश आहे. खऱ्या-खोट्यातला हा अर्ध्या दिवसाचा फरक वाचून मी प्रथम हिरमुसले. पुन्हा वाचल्यावर मत बदलले: परिणाम रोजच्या प्रतिबंधक औषधाच्या तोडीचा आहे. शिवाय वेदनाशामके महिन्यात फार दिवस घेतली, तर त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते. तेव्हा गोळ्या कमी होणे हाच माझ्यासाठी मोठा लाभ आहे.

म्हणून उपचार चालू ठेवला, जागा बदलली. नव्या ठिकाणच्या बाई सुया टोचताना हळू आवाजात मोजतात, आकडा कागदावर लिहितात आणि काढताना तोच आकडा मला म्हणायला लावतात. केसांतील सुया त्या सर्वांत आधी काढतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बिंदूवर त्या प्लॅस्टिकच्या नळीतून सुईवर टिचकी मारतात. मुंगी चावल्याइतके कळते, आणि मग सुई किंचित फिरवल्यावर आत जड, बधिर असा ठणका पसरतो. तो ठणका यायला हवा, पण वीज चमकल्यासारखी कळ आली तर लगेच सांगायचे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले. हाच बिंदू गरोदरपणात टाळतात, त्यामुळे त्याबद्दल आधी विचारलेही. पहिल्या ठिकाणी मला यातले काहीच विचारले वा सांगितले गेले नव्हते.

राहिला पैशांचा विषय. पहिल्या ठिकाणी सिटिंगचे लांबलचक पॅकेज आगाऊ भरून घेतले होते आणि उरलेली रक्कम ‘परत देण्याची पद्धत नाही’ असे सांगितले गेले. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2012 च्या मार्गदर्शनात अर्धशिशी टाळण्यासाठी, ठरावीक औषधे लागू पडत नसतील तर, 5 ते 8 आठवड्यांत 10 पर्यंत सत्रांचा विचार करावा असे म्हटले आहे. त्याच्या कितीतरी पुढे जाणारे पॅकेज पहिल्याच भेटीत विकणे मला सरळ अन्यायाचे वाटते. मी लेखी तक्रार दिली आहे आणि ती सुईही डबीत घालून, दिनांक लिहून जपून ठेवली आहे. नव्या ठिकाणी प्रत्येक सिटिंगचे पैसे त्या त्या दिवशी देते आणि पुढची कधी घ्यायची, हे वही पाहून आम्ही दोघी मिळून ठरवतो.