ऑनलाइन सरकारी कामं आणि घरातले ज्येष्ठ: शिकवायचं, वर्गाला पाठवायचं, केंद्रावर न्यायचं की करून द्यायचं?

घरातल्या ज्येष्ठ माणसाचं सरकारी काम ऑनलाइन झालं की समोर चार वाटा असतात. घरचंच कोणीतरी शेजारी बसून शिकवतं. ग्रंथालयात किंवा ज्येष्ठांच्या मंडळात वर्ग चालतो, तिथे नाव घालता येतं. मदत केंद्रावर जाऊन तिथल्या माणसाच्या मदतीनं काम उरकता येतं. नाहीतर मुलगा, सून, भाची यांच्यापैकी कोणीतरी त्यांचा फोन हातात घेऊन काम करून टाकतं.

मी ज्येष्ठांच्या वर्गात शिकवते, त्यामुळे "यातलं चांगलं कुठलं?" हा प्रश्न मला नेहमी येतो. माझं उत्तर असं की वाट माणसाप्रमाणे निवडू नका, कामाप्रमाणे निवडा. एकाच आजोबांना दवाखान्याची वेळ घ्यायला शिकवणं शहाणपणाचं असतं आणि वारसाच्या नोंदीचा अर्ज भरायला शिकवणं जिकिरीचं.

त्यासाठी प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारायचे. हे काम वर्षात किती वेळा येतं? आणि चुकलं तर निस्तरता येतं का? दवाखान्याची वेळ, बिल, अर्ज कुठवर आला ते पाहणं, सरकारी पत्र उघडून वाचणं ही कामं पुन्हा पुन्हा येतात आणि चुकली तर फार तर परत करावी लागतात. ती शिकवावीत. वर्षातून एकदाच येणारं काम, म्हणजे कराचं विवरण किंवा पेन्शन चालू ठेवण्यासाठीची पडताळणी, आज शिकवलं तरी पुढच्या वर्षी हाताला आठवत नाही. मधल्या काळात संकेतस्थळाचं रूपही पालटलेलं असतं. तिथे शेजारी बसणारं माणूस हवं. आणि पेन्शनचं बँक खातं बदलणं, मालमत्तेची किंवा वारसाची नोंद यांत एक चुकीचं बटण महागात पडतं. तिथे शिकवण्याचा हट्ट धरू नये.

घरी की वर्गात?

घरच्या शिकवणीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ज्या फोनवर उद्या काम करायचं आहे त्याच फोनवर, स्वतःच्या खऱ्या खात्यात शिकता येतं. तोटा आपल्या घाईचा. "अगं आई, इथे दाब ना" म्हणता म्हणता फोन आपल्या हातात येतो, काम होतं आणि आई तिथेच राहते. घरच्यांना त्या माणसाची खडान्‌खडा माहिती असते, पण नेमकं कुठे अडतंय हे बघत बसायला वेळ नसतो.

ओटीपीचंच घ्या. आपल्या लेखी ती एक पायरी. माझ्या वर्गातल्या एक काकू तिथेच अडायच्या. शेजारी बसून नीट पाहिलं तेव्हा उलगडा झाला. अर्जाचं पान उघडं असताना मेसेज वरून डोकावायचा आणि चष्मा सावरेपर्यंत नाहीसा व्हायचा. मग काकू अर्जातून बाहेर पडून मेसेज शोधायला जायच्या. यादीत सगळ्यात वर कसली तरी जाहिरात, तिच्या खाली हवा तो आकडा. तो मनात घोकत त्या बॅक दाबायच्या आणि अर्जाऐवजी फोनच्या पहिल्या पडद्यावर येऊन पडायच्या. अर्ज पुन्हा उघडला की पान नव्यानं सुरू झालेलं, भरलेलं सगळं पुसलेलं. "मला आकडा पाठ होता गं, पण पानच पळालं," असं त्या म्हणायच्या. घरच्यांनी मात्र "आईला ओटीपी कळत नाही" असं ठरवून टाकलं होतं. काकूंना आधी उघडी असलेली अ‍ॅप्स एका ओळीत दाखवणारी खूण शिकवली, आकडा कागदावर उतरवून मगच अर्जाकडे वळायचं ठरवलं, आणि गाडी पुढे सरकली.

असं निरीक्षण चांगल्या वर्गात होतं, कारण तिथे तेवढाच वेळ राखलेला असतो. दुसरी गोष्ट बरोबरीच्या माणसांची. अमेरिकेत 1986 साली सिनियरनेट सुरू झालं आणि ज्येष्ठांनीच ज्येष्ठांना संगणक शिकवण्याची पद्धत तिथे चांगली रुजली. ती आजही उपयोगी पडते. मुलाला तीच गोष्ट पाचव्यांदा विचारताना बापाला जो संकोच होतो, तो शेजारच्या खुर्चीवरच्या समवयस्काला विचारताना होत नाही. ऑस्ट्रेलियात 2017 पासून पन्नाशीपुढच्यांसाठी 'बी कनेक्टेड' हा सरकारी उपक्रम चालू आहे. त्यात ऑनलाइन धडेही आहेत आणि स्थानिक संस्थांतून माणसांची मदतही. नुसते धडे टाकून भागत नाही, हे त्यांनी ओळखलं आहे.

पण वर्ग म्हणून कुठलाही वर्ग चालत नाही. भिंतीवर स्लाइड दाखवून "इंटरनेट म्हणजे काय" पासून सुरू होणारा वर्ग मी कोणाला सुचवत नाही. नाव घालण्याआधी विचारून घ्या: स्वतःचा फोन आणायचा आहे ना? खऱ्या सेवेवर काम करून घेतात का, की फक्त नमुना दाखवतात? वर्ग संपल्यावर अडलं तर कोणाला विचारायचं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर त्या वर्गाला घरच्या सरावाची जोड द्यावीच लागेल.

सराव घरी होवो की वर्गात, पद्धत एकच लागू पडते. रोडिगर आणि कारपिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्यानं आठवणारे. ते विद्यार्थी तरुण होते आणि काम उताऱ्याचं होतं हे खरं, पण वर्गात मला हेच दिसतं. पाच वेळा दाखवण्यापेक्षा एकदा दाखवा, दुसऱ्या दिवशी न सांगता त्यांना करू द्या आणि आपले हात मागे बांधून बघा. वही त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहावी. तुम्ही सुबक करून दिलेली पायऱ्यांची यादी त्या वहीची जागा घेत नाही.

यातलं काहीही सुरू करण्याआधी अर्धा तास फोनच्या सेटिंगला द्या. अक्षरं मोठी करा. अँड्रॉइडमध्ये बोट किती वेळ टेकवल्यावर ते दाबून धरलं असं समजायचं, तो वेळ वाढवता येतो. हात थोडा थरथरत असेल तर एवढ्यानंही बराच फरक पडतो. आयफोनवरही स्पर्शासाठी अशी सोय आहे. नको ती नोटिफिकेशन बंद करा, म्हणजे ओटीपी गर्दीत हरवणार नाही. आणि बोटं कोरडी असतील तर पडदा दाद देत नाही, कारण तो बोटातून मिळणाऱ्या विद्युत संकेतावर चालतो. "मला जमत नाही" म्हणणाऱ्या कितीतरी जणांच्या बाबतीत दोष त्वचेच्या कोरडेपणाचा असतो.

मदत केंद्र कधी?

वर्षातून एकदाचं काम, कागद स्कॅन करून चढवायचं काम, किंवा घरी छापायला काही नाही अशा वेळी केंद्र बरं पडतं. शिकण्याची जागा म्हणून ते सहसा तोकडं असतं, कारण मागे रांग असते. याला चांगला अपवाद सिंगापूरचा. तिथे 2020 मध्ये सुरू झालेल्या 'सिनियर्स गो डिजिटल' उपक्रमात ज्येष्ठांना एकेकट्याला बसवून शिकवायला माणसं नेमली गेली. केंद्रावर असं माणूस मिळत असेल तर ते घर आणि वर्ग दोघांपेक्षा सरस ठरू शकतं.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा: अर्जात ईमेल आणि मोबाइल नंबर कोणाचा टाकला जातोय? आजोबांना ईमेल आठवत नाही आणि रांग खोळंबली आहे, म्हणून केंद्रावरचा माणूस स्वतःचाच ईमेल टाकून मोकळा होतो. त्या दिवशी काम होतं. पुढे पासवर्ड बदलायचा झाला, त्रुटीचं पत्र आलं, की सगळं त्याच्या ईमेलवर जातं, आणि तोवर तो तिथे नोकरीला असेलच असं नाही. म्हणून जाण्याआधी आजोबांचा स्वतःचा ईमेल तयार करा आणि नंबरासह कागदावर लिहून द्या. परतताना पोचपावती घ्या, आणि तिथल्या संगणकावर पासवर्ड साठवला गेला नाही, खातं लॉगआउट झालं, हे पाहूनच उठा.

आपणच करून द्यावं का?

बहुतेक घरांत हेच चालतं, आणि त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. आजारपणात, डोळे अधू झाल्यावर, किंवा माणसानं आयुष्यभर खूप शिकून आता हे शिकायचं नाही असं ठरवलं असेल तर करून देणं हाच आदर आहे. पण करून देण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला प्रकार म्हणजे त्यांच्या पासवर्डनं त्यांच्या नावानं शिरणं. सोपं, लगेच होणारं आणि माझ्या मते चारही वाटांतलं सगळ्यात धोक्याचं. कारण पासवर्ड तुम्हाला कळतो एवढंच नाही. "बाबा, आकडा आला का? सांगा पटकन" हे दर महिन्याला ऐकणाऱ्या बाबांना फोनवर ओटीपी सांगायची सवय लागते. उद्या एखादा ठग गोड आवाजात तेच विचारतो आणि बाबा तसंच पटकन सांगतात. ती सवय आपणच लावलेली असते. बाकी सगळं तुम्ही भरा, पण ओटीपी त्यांनीच वाचावा आणि त्यांनीच टाकावा. तुम्ही दूर राहत असाल तर काम थांबवून ठेवा, पण आकडा फोनवर मागू नका.

दुसरा प्रकार अधिकृत प्रतिनिधीचा. अनेक देशांच्या सेवांत ज्येष्ठांना आपल्या वतीनं कोणीतरी नेमता येतं, आणि तो स्वतःच्या लॉगिननं काम करतो. डेन्मार्कमध्ये 2014 च्या नोव्हेंबरपासून सरकारी पत्रं डिजिटल पेटीत येतात, आणि ती पेटी वाचण्याची मुभा घरच्या माणसाला देता येते. तिथे पेटीत आलेलं पत्र उघडलं नाही तरी पोचलं असंच धरलं जातं, त्यामुळे पत्रातली मुदत न वाचताही संपू शकते. अशा व्यवस्थेत दुसऱ्या कोणाची नजर असणं फार मोलाचं आहे. नुसतं बघण्याचा अधिकार आणि अर्ज करण्याचा अधिकार हे वेगळे देता येत असतील, तर आधी बघण्याचाच द्या. भावंडांत पुढे कटकट होत नाही, कारण कोणी काय केलं याची नोंद राहते.

हे पासवर्डच्या मानानं वेळखाऊ आहे, कागदपत्रं लागतात. तरी लवकर करा. विस्मरणाचा आजार पुढे गेला की मुखत्यारपत्रावर सही करायला लागणारी समज उरत नाही, आणि मग न्यायालयाची वाट धरावी लागते. आई अजून खणखणीत आहे तोवरच हा विषय काढायचा.

मुलं दूर असतील तर

व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवून शिकवता येतं आणि ते बऱ्यापैकी चालतं, कारण फोन हिसकावून घेणं तिथे शक्यच नसतं. मात्र पडदा दाखवायला लावणं हीच ठगांचीही आवडती युक्ती आहे. म्हणून घरात एक नियम ठरवा: पडदा दाखवायचा तो आईनं स्वतः मुलीचा नंबर लावला असेल तरच, समोरून आलेल्या फोनवर कधीच नाही. एकट्या राहणाऱ्यांसाठी मी वर्ग आणि प्रतिनिधी ही जोडी सुचवते. नेहमीची कामं ते स्वतः करतात, मोठ्या कामावर लांबून कोणाचं तरी लक्ष राहतं.

एवढं करूनही अडलं तर

अशा वेळी दोष शिकणाऱ्याचा आहे असं धरून चालू नका. संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. त्यांची 2.2 ही आवृत्ती 2023 मध्ये आली. वेळेची मर्यादा असेल तर ती संपण्याआधी सूचना द्यावी आणि वाढवून घ्यायला किमान 20 सेकंद द्यावेत, हे त्यांत आधीपासून आहे. लॉगिनसाठी फक्त स्मरणशक्तीवर किंवा कोडं सोडवण्यावर भिस्त ठेवू नये, हे नव्या आवृत्तीत आलं. भरता भरता पान मिटत असेल, पासवर्ड पेस्ट करू देत नसेल, कॅप्चा तरुण डोळ्यांनाही वाचता येत नसेल, तर त्या सेवेकडे तक्रार करा आणि नेमकं कुठल्या पानावर काय झालं ते स्क्रीनशॉटसकट लिहा. "वापरायला अवघड आहे" असं मोघम लिहिलेलं कोणी दुरुस्त करत नाही.

आणि फोनवरून, टपालानं किंवा कार्यालयात जाऊन तेच काम करण्याची सोय आहे का, हेही विचारा. डेन्मार्कनं डिजिटल पेटी सक्तीची केली तेव्हाही ज्यांना जमत नाही त्यांना कागदी पत्रांची सवलत ठेवली. तुमच्याकडच्या सेवेत अशी सवलत संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर दिसेलच असं नाही, त्यामुळे हेल्पलाइनला थेट विचारा, आणि मिळाली तर ती लेखी घ्या.