माटुंग्यात मैत्रिणीसोबत: कॅफे मद्रास की रामा नायक?

माटुंग्याला जायचं म्हटलं की आम्हा दोघींचा वाद ठरलेला. तिला किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास (१९४०) हवं असतं, मला स्टेशनजवळचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग (१९४२).

कॅफे मद्रास म्हणजे नाश्ता. रविवारी फूटपाथवर बराच वेळ ताटकळावं लागतं. पण तिथला रसम वडा! रसम पिऊन टम्म फुगलेला, कड अजून किंचित कुरकुरीत. चमच्याने तोडला की मिरीचा वास थेट नाकात. त्यावर पेल्यातून वाटीत ओतत निववलेली फिल्टर कॉफी. एवढ्यासाठी तरी रांग लावावीच. फक्त बाहेर माणसं ताटकळत असताना गप्पा रंगवायला माझं मन धजत नाही.

रामा नायककडे केळीच्या पानावर पोटभर जेवण. भाताचं आळं करायचं, त्यात सांबार, मग रसम, शेवटी ताक. वाढपी हवं तेवढं वाढतात, पण पानात टाकायचं नाही, हा तिथला दंडक मला मनापासून आवडतो.

दोघींना भूक कडकडून लागली असेल तर माझं मत रामा नायकलाच. कॉफीसाठी मात्र मी तिचं ऐकते.