मिरामारचे गोवा विज्ञान केंद्र : मुलांना न्यायचे तर

गोवा विज्ञान केंद्र पाहायला किती वेळ लागतो, असे पालक हमखास विचारतात. बटणे दाबत धावत सुटलेल्या मुलाला पाऊण तास पुरतो. एकेका खेळाशी थांबणाऱ्याला अर्धा दिवसही अपुरा पडतो. मुंबईत वरळीला असलेले नेहरू विज्ञान केंद्र आणि हे केंद्र, दोन्ही राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचीच. मिरामारचे केंद्र डिसेंबर २००१ मध्ये सुरू झाले. वरळीचा पसारा पाहिलेल्यांना ते लहान वाटते, पण सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी लहान असणे हाच इथला मोठा गुण आहे. ‘अजून तीन मजले राहिलेत’ असे म्हणत कोणाला ओढत न्यावे लागत नाही.

मिरामारला यायला पणजीच्या कदंब बसस्थानकावरून दोनापावलाकडे जाणारी बस धरावी. काणकोण किंवा पेडण्याहून येणाऱ्यांनी सकाळ गाठावी. बाहेरचे विज्ञान उद्यान आधी आणि आतली दालने नंतर, हा क्रम मोडू नये. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर उन्हातले लोखंड हात लावू देत नाही, आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेवढ्यातच बाहेरचे उरकावे लागते. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. खारा वारा बेअरिंग, साखळी, कप्पी कशालाच सोडत नाही. किनाऱ्यावरच्या कोणत्याही उघड्या उद्यानात एखादा खेळ दुरुस्तीला असणार, हे धरूनच चालावे. म्हणून या लेखात भर आहे तो अशा केंद्रांत हटकून भेटणाऱ्या उपकरणांवर आणि ती नीट वापरण्यावर.

सगळ्यात जास्त चुकीचा वापर होतो तो कुजबुजीच्या तबकड्यांचा. लांब अंतरावर समोरासमोर उभ्या दोन मोठ्या खोलगट तबकड्या. मुले एकमेकांकडे तोंड करून ओरडतात, ओरडणे हवेतूनच सरळ ऐकू येते आणि ‘ह्यात काय विशेष?’ म्हणून पुढे पळतात. बोलायचे ते आपल्या तबकडीकडे तोंड करून, जोडीदाराकडे पाठ करून, आणि अगदी हळू. तबकडीचा आकार अन्वस्ताचा (पॅराबोलाचा) असतो. तिच्या नाभीपाशी (फोकसपाशी) निघालेला आवाज तबकडीवर आपटून समांतर जातो आणि समोरची तबकडी तो पुन्हा तिच्या नाभीपाशी गोळा करते. तोंड आणि कान नेमके तिथेच हवेत. वीतभर सरकले तरी आवाज विरतो. बहुतेक ठिकाणी तिथे कडे किंवा खूण असते, पण ती मोठ्यांच्या उंचीला. लहान मुलाला उचलून धरा, नाहीतर त्याला काही ऐकू येणार नाही आणि यंत्र बिघडलेय असा निकाल तो देऊन टाकेल. वारा जोरात असला तर थोडे थांबा. ऐकू आले, की मुलाला मुद्दाम अर्धा मीटर मागे न्या आणि पुन्हा ऐकायला सांगा. नाभी म्हणजे काय हे त्यानंतर सांगावे लागत नाही.

कप्पीच्या खुर्च्यांशी एकच काम करायचे: खुर्चीला वर धरणारे दोर मोजायचे. स्वतः बसून स्वतःला ओढत असाल तर हातातला दोरही त्यातच धरायचा. वर एकच कप्पी असली तरी दोन दोर भार वाहतात, म्हणजे मूल आणि खुर्ची मिळून ३० किलो असतील तर १५ किलोइतका जोर लागतो. दोर चार झाले की साडेसात. फुकट मात्र काही मिळत नाही. चार दोरांच्या खुर्चीत २५ सेंटिमीटर वर जायला एक मीटर दोर ओढावा लागतो. हे बोटाने मापून दाखवा. प्रत्यक्षात हिशेबापेक्षा जास्तच जोर लागतो, कारण घर्षण. गंजलेल्या कप्पीत तर आणखी. खाली येताना दोर एकदम सोडायचा नाही, तळहात सोलतो.

जोडझोपाळे म्हणजे लवचीक दांड्याला किंवा ताणलेल्या दोराला टांगलेले दोन सारखे लंबक. एकाला झोका द्यायचा आणि दुसऱ्याने अगदी गप्प बसायचे. थोड्या वेळाने पहिला थांबत जातो, दुसरा आपोआप झुलू लागतो, मग उलटे. मुले दोन्हीकडून पाय मारतात, तिथेच खेळ फसतो. एक जाड, एक बारीक मूल बसले म्हणून बिघडत नाही, टांगणीची लांबी सारखी हवी.

आता सूर्यघड्याळ. ‘बंद आहे’ म्हणून लोक हसतात ते हेच, आणि हसण्यासारखे काही नसते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पणजी ७३.८ अंशांवर. प्रत्येक अंशाला चार मिनिटे धरली तर सूर्य आपल्याकडे सुमारे ३५ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. त्यात पृथ्वीच्या लंबगोल कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे वर्षभर बदलत जाणारा फरक मिसळतो. सूर्यघड्याळात दुपारचे १२ वाजतात तेव्हा मनगटावर फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४९ मिनिटे, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १८ मिनिटे झालेली असतात. ज्या घड्याळाच्या आखणीत रेखांशाची दुरुस्ती आधीच केलेली असते, तिथे फक्त हा दुसरा फरक उरतो. सपाट तबकडीच्या घड्याळाचा तिरका काटा गोव्यात जमिनीशी फक्त साडेपंधरा अंश उचललेला असतो, कारण तोच आपला अक्षांश. मोबाइलवर वेळ बघा, वजाबाकी मुलाला करू द्या. पाचवीच्या पुढचे मूल असेल तर या एका खेळापाशी अर्धा तास खुशाल जातो. मेच्या पहिल्या आठवड्यात आलात तर एक दिवस असा येतो, की साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावलीच नाहीशी होते. ऑगस्टमध्येही तसा एक दिवस असतो, पण आपल्या ढगांपुढे कोणाचे काय चालते!

आत गेल्यावर स्थितिक विजेचे प्रयोग पावसाळ्यात ढेपाळतात. हवेतल्या दमटपणामुळे विजेचा भार साठण्याआधीच निसटतो, केस उभे राहत नाहीत. त्यात खोबरेल लावून घट्ट वेणी घातलेली असेल तर जानेवारीतसुद्धा आशा नको. केस आदल्या दिवशी धुवून कोरडे, मोकळे ठेवायचे. प्लाझ्माच्या गोळ्याला मात्र हवामानाशी देणेघेणे नाही, कारण त्यातला वायू काचेत बंद असतो. बोट टेकवले की ठिणगीची रेघ बोटापाशी येते; दोन मुलांनी दोन बाजूंनी टेकवून बघावे.

फिरत्या चकतीवर हात पसरून उभे राहायचे, हळू फिरवायचे, मग हात छातीशी घ्यायचे. वेग वाढतो. पहिला धक्का देणारा मोठा माणूस असावा आणि त्याने हात राखून द्यावा. जेवणानंतर हा खेळ नको, नंतरची निस्तरानिस्तर तुमच्याच वाट्याला येते.

त्रिमितीय (थ्री-डी) चित्रपटाचा खेळ चार वर्षांखालच्यांना झेपत नाही. चष्मा नाकावरून घसरतो आणि चष्म्याशिवाय पडद्यावर नुसती दुहेरी, अस्पष्ट चित्रे. तारांगणात अंधाराला घाबरणारे मूल असेल तर दाराजवळ बसा. खेळाची वेळ आणि भाषा तिकीट काढतानाच विचारा, म्हणजे बाकीचा फेरा त्याभोवती आखता येतो. ध्रुव कुठे दाखवतात तिकडे लक्ष द्यायला सांगा. गोव्यात तो उत्तर क्षितिजावर साडेपंधरा अंशच वर असतो. लांब केलेल्या हाताची मूठ साधारण दहा अंश, म्हणजे दीड मूठ.

शाळेची सहल आणत असाल तर सगळी बस एकदम आत सोडू नका. दहा-दहाचे गट करा, प्रत्येक गटाला पाच खेळ ठरवून द्या आणि प्रत्येकापाशी ‘काय बदलले तर काय होईल?’ एवढाच प्रश्न ठेवा. वहीत फलक उतरवून घ्यायला लावणाऱ्या शिक्षकांची मुले खेळाकडे पाठ करून उभी असतात.