फोन मराठीत केल्यानंतरचे नऊ महिने

गेल्या वर्षी जून महिन्यात मी घरातील दोन फोनांची भाषा इंग्रजीवरून मराठी केली. एक फोन माझा, वागळे इस्टेटमधील कार्यालयात दिवसभर हाताशी असणारा. दुसरा नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या सासूबाईंचा. दोन्ही फोन अँड्रॉइड १४ वर चालतात, कंपन्या मात्र निरनिराळ्या आहेत. चार दिवस वापरून मत बनवण्याचा हा विषय नाही, म्हणून पूर्ण नऊ महिने जाऊ दिले आणि मगच लिहायला बसले.

अँड्रॉइडमध्ये मराठी ही काही अलीकडची सोय नाही. २०१४ साली आलेल्या ५.० या आवृत्तीपासून ती उपलब्ध आहे, आणि तरीही माझ्या ओळखीच्या कित्येक मराठी घरांत फोन इंग्रजीतच राहतो, कारण दुकानातून तो तसाच हाती येतो. भाषा बदलायला दोन मिनिटेही लागत नाहीत. सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात भाषा, तिथे मराठी जोडायची आणि बोटाने ओढून यादीत सर्वांत वर आणायची. काही कंपन्यांच्या फोनांत हीच जागा ‘सामान्य व्यवस्थापन’ किंवा ‘अतिरिक्त सेटिंग्ज’ या नावाखाली असते. कीबोर्डची भाषा हा वेगळा भाग आहे. फोन इंग्रजीत ठेवूनही मराठी टाइप करता येते आणि फोन मराठीत असूनही कीबोर्ड इंग्रजी राहू शकतो. या दोन गोष्टींची गल्लत फार जण करतात.

मराठीखाली यादीत दुसरी भाषा कोणती आहे, याकडे मी सुरुवातीला लक्ष दिले नाही. २०१६ च्या ७.० आवृत्तीपासून फोनला एकाहून अधिक भाषा पसंतीच्या क्रमाने सांगता येतात, आणि एखाद्या ॲपमध्ये मराठी नसेल तर ते यादीतील पुढची भाषा घेते. सासूबाईंच्या फोनात मराठीखाली हिंदी होती, त्यामुळे खरेदीचे ॲप हिंदीत, फोन मराठीत आणि राहिलेली ॲप्स इंग्रजीत, असा तीन भाषांचा गोंधळ आठवडाभर चालला. हिंदी काढून तिथे इंग्रजी ठेवल्यावर तो मिटला. ज्यांना इंग्रजीपेक्षा हिंदी सोपी वाटते त्यांनी मात्र हिंदीच ठेवावी.

खरा फरक कुठे पडला, तर तो परवानगी मागणाऱ्या चौकटींत. पूर्वी सासूबाई अशी चौकट आली की सर्वांत वरचे बटण दाबत आणि पुढे जात. त्यात त्यांचा दोष नव्हता; चौकट काय विचारते आहे हे कळायला मार्गच नव्हता. ऑगस्टमध्ये त्यांनी भजनांचे एक ॲप घेतले. ते उघडताच फोनने विचारले की या ॲपला आवाज रेकॉर्ड करण्याची अनुमती द्यायची का, आणि खाली तीन पर्याय दिले: ‘ॲप वापरताना’, ‘फक्त या वेळी’, ‘अनुमती देऊ नका’. सासूबाईंनी तिसरा पर्याय दाबला आणि मला फोन केला. म्हणाल्या, “अगं, भजन मी ऐकणार, मग माझा आवाज याला कशाला हवा?” प्रश्न अगदी रास्त होता. त्यानंतर आम्ही दोघींनी बसून त्यांच्या फोनातील सगळ्या ॲप्सच्या परवानग्या तपासल्या आणि संपर्क व स्थान या दोन बाबतींत सहा ॲप्सची अनुमती काढून घेतली. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ज्येष्ठ मंडळींचे फोन मराठीत करावेत असे आग्रहाने सांगेन.

आता त्रास झाला तो आकड्यांचा. मराठी निवडली की घड्याळ, बॅटरी, तारीख हे सारे देवनागरी अंकांत दिसू लागते. सासूबाईंना त्याचा आनंद झाला, कारण त्यांनी शाळेत हेच अंक गिरवले होते. माझ्या आठवीतल्या मुलाला मात्र ते जड गेले: देवनागरी एक त्याला इंग्रजी नवासारखा दिसतो, त्यामुळे आजीच्या फोनवरचा ६:१५ चा गजर पाहून तो बुचकळ्यात पडला. याची सवय होते. सवय होऊनही न सुटणारी अडचण ऑक्टोबरमध्ये आली. सासूबाईंची रक्ततपासणी ठरवण्यासाठी मी एका तपासणी केंद्राच्या ॲपमध्ये तारीख निवडली, पडद्यावर ती अचूक दिसत होती, आणि तरी ‘तारीख चुकीची आहे’ असा इंग्रजी संदेश पुन्हा पुन्हा येत राहिला. तीन दिवस मी माझीच काहीतरी चूक होत असेल असे समजत होते. शेवटी कार्यालयात सॉफ्टवेअरचे काम पाहणाऱ्या सहकाऱ्याने उलगडा केला. ॲप बनवताना तारखेचा मजकूर फोनच्या भाषेप्रमाणे तयार होऊ दिला, तर मराठी फोनात तो देवनागरी अंकांसह तयार होतो आणि तसाच सर्व्हरकडे जातो. सर्व्हर फक्त इंग्रजी अंक ओळखत असेल तर तो ती तारीख नाकारतो. चूक वापरणाऱ्याची नसते, मराठी फोनावर ॲप एकदाही तपासून न पाहणाऱ्यांची असते, आणि मराठी ही कोट्यवधी लोकांची भाषा असताना हे व्हावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

उपाय दोन सापडले. माझ्या फोनात भाषेच्या पानावरच प्रादेशिक प्राधान्यांचा भाग आहे आणि तिथे अंकांची पद्धत निवडता येते, त्यामुळे भाषा मराठी आणि अंक इंग्रजी अशी जोडी मी लावून घेतली. सासूबाईंच्या फोनात ही निवड मिळाली नाही. तिथे २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून आलेली दुसरी सोय उपयोगी पडली, ती म्हणजे प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवण्याची. सगळीच ॲप्स त्या यादीत दिसतात असे नाही, परंतु तपासणी केंद्राचे ॲप दिसले, ते इंग्रजीत केले आणि तारीख पहिल्याच खेपेस स्वीकारली गेली.

भाषांतराच्या दर्जाविषयी माझे मत संमिश्र आहे. ‘व्यत्यय आणू नका’, ‘सक्तीने थांबवा’ ही भाषांतरे मला आवडली. ती वाचताक्षणी कळतात. ‘हॉटस्पॉट’, ‘ब्लूटूथ’ हे शब्द तसेच ठेवले हेही योग्यच, कारण त्यांना घरात कोणी दुसरे काही म्हणत नाही. फोनपेक्षा बाहेरच्या ॲप्सचे मराठी अधिक कच्चे आहे, आणि तिथे एका शब्दाने मला चांगलाच फटका दिला. एका ॲपमध्ये माझ्या छायाचित्राखाली ‘फोटो काढा’ असे बटण होते. नवा फोटो घ्यायचा म्हणून मी ते दाबले, तर आधीचा फोटो पुसला गेला. मराठीत फोटो काढणे म्हणजे कॅमेऱ्याने टिपणे, आणि भिंतीवरचा फोटो काढणे म्हणजे उतरवणे. भाषांतर करणाऱ्यासमोर बहुधा सुटा शब्द होता, बटण कुठे बसणार आहे हे नव्हते. ‘हटवा’ किंवा ‘काढून टाका’ म्हटले असते तर हा प्रकार झाला नसता. तो फोटो सासऱ्यांसोबतचा होता आणि दुसरीकडे जतन केलेला नव्हता, म्हणून ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

जागेचा प्रश्नही आहे. सासूबाईंनी अक्षरे मोठी करून घेतली आहेत, त्यामुळे पडदा वरून खाली ओढल्यावर येणाऱ्या चौकोनांत मराठी शब्द अर्धवट तुटतात आणि पुढे तीन टिंबे दिसतात. काही बटणांत वरच्या मात्राही कापल्या जातात. अक्षरांचा आकार एक पायरी खाली आणल्यावर बरेचसे सुधारले. संपर्कांची नावे पूर्वी रोमन लिपीत जतन केलेली होती, ती ‘शोभा’ असे मराठीत शोधून सापडेनात, म्हणून नेहमीची चाळीसेक नावे मी एका रविवारी पुन्हा मराठीत भरून दिली. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर मराठी फोनाचा निम्मा उपयोग राहत नाही.

जानेवारीत सासूबाईंच्या फोनाचे चार्जिंग बिघडले आणि मी तो ठाणे स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुरुस्ती करणाऱ्या मुलाला मराठी सेटिंग्जमध्ये बॅटरीची माहिती सापडेना. त्याने न विचारता भाषा इंग्रजी केली आणि फोन तसाच परत दिला. संध्याकाळी सासूबाईंना काहीच उमजेना. मी फोनवरून एकेक पायरी सांगत होते आणि त्या इंग्रजी शब्द एकेक अक्षर लावून वाचत होत्या; त्यात अर्धा तास गेला. भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहिलेले असते, म्हणून ‘मराठी’ हा शब्द दिसताच त्यांनी तो स्वतः ओढून वर नेला.

त्यानंतर मी एका छोट्या कागदावर परतीची वाट लिहून तो त्यांच्या फोनाच्या मागच्या कव्हरात ठेवला आहे: दातेरी चाकाचे चिन्ह, मग खालच्या बाजूला ‘सिस्टम’, मग पृथ्वीच्या गोलाचे चिन्ह, मग यादी. प्रत्येक शब्दासमोर त्याचे इंग्रजी रूप देवनागरीत लिहिले आहे, म्हणजे फोन कोणत्याही भाषेत असला तरी त्यांना तिथवर जाता येईल. दुरुस्तीला फोन देताना तो कागद बाहेर काढून दुकानदाराच्या हातात द्यायचा, असे आता त्यांनीच ठरवले आहे.