‘मेनबोर्ड गेलाय’ सांगून पैसे घेतले, बिघाड केबलमध्ये निघाला

प्रोजेक्टरवर लॅपटॉपचं चित्र मध्येच जात असेल आणि दुरुस्तीला आलेला माणूस वरवर बघून ‘मेनबोर्ड गेलाय, मशीन न्यावं लागेल’ म्हणत असेल, तर मशीन खाली उतरवू देण्याआधी हे वाचा. या एका वाक्यावर आमच्या संस्थेकडून मोठी रक्कम काढून घेतली गेली.

आमचा प्रोजेक्टर सभागृहाच्या छताला टांगलेला आहे. वक्त्याच्या टेबलापासून भिंतीतून आणि छतावरून त्याच्यापर्यंत साधारण 15 मीटर एचडीएमआय केबल जाते. व्याख्यान चालू असताना चित्र क्षणभर जायचं, पडदा निळा व्हायचा, ‘नो सिग्नल’ यायचं आणि मग आपोआप चित्र परत यायचं. पुढे पुढे ते परत येईनासंच झालं. ज्याला बोलावलं त्याने ना दुसरा लॅपटॉप लावून पाहिला, ना दुसरी केबल. निळा पडदा पाहिला आणि निदान सांगून मोकळा झाला.

खरं तर त्या निळ्या पडद्यावरूनच बरंच कळतं. ‘नो सिग्नल’ ही अक्षरं प्रोजेक्टर स्वतः तयार करतो. ती स्वच्छ दिसतायत, रिमोटने मेनू उघडतोय, म्हणजे दिवा, लेन्स, वीजपुरवठा आणि चित्र उमटवणारा भाग ठीक आहे. उरतो तो सिग्नलचा रस्ता: लॅपटॉपचं पोर्ट, केबल, मधले जोड आणि शेवटी प्रोजेक्टरचं इनपुट. इनपुटही बिघडतं, पण ते तपासायचं शेवटी, कारण त्याआधीचं सगळं मशीन न उघडता जागेवरच तपासता येतं.

आमची खरी फसवणूक मात्र मशीन परत आणलं त्या दिवशी झाली. तो स्वतःचा लॅपटॉप आणि हातभर लांबीची केबल घेऊन आला. प्रोजेक्टर टेबलावरच ठेवून जोडला. चित्र लख्ख, बराच वेळ चालू ठेवलं तरी हललं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काम झालेलं दिसलं, पैसे दिले गेले. पण हातभर केबलवर तेच मशीन दुरुस्तीला नेण्याआधीही असंच चाललं असतं! ज्या केबलवर चित्र जात होतं ती भिंतीतली केबल त्याने त्या प्रात्यक्षिकात येऊच दिली नाही. हा निष्काळजीपणा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. नंतरच्या त्याच्या वागण्यावरून मला शंका उरली नाही.

प्रोजेक्टर पुन्हा छताला लागला आणि पहिल्याच कार्यक्रमात चित्र गेलं. फोन केल्यावर उत्तर आलं, ‘आता दिवा कमजोर झालाय, त्यामुळे सिग्नल पकडत नाही. दिवा बदलू.’ हे धादांत खोटं आहे. दिवा जुना झाला की चित्र अंधुक होतं, रंग उतरतात, कधी मशीन बंदही पडतं. पण सिग्नल ओळखण्याशी त्याचा काही संबंध नाही. निळा पडदा उजळ दिसत असताना कुणी दिव्याचं कारण देत असेल, तर तिथेच थांबवा.

मग आमच्या ओळखीचे, ध्वनियंत्रणेचं काम करणारे एक गृहस्थ आले. त्यांनी प्रोजेक्टरच्या त्याच पोर्टला आमचाच लॅपटॉप छोट्या केबलने जोडला. 1920×1080 वर चित्र स्थिर. लांब केबल लावली की लुकलुक सुरू. मग लांब केबल तशीच ठेवून लॅपटॉपचं रिझोल्यूशन 1280×720 केलं, रिफ्रेश रेट 60 हर्ट्झच. चित्र पुन्हा स्थिर! 1080 ला पिक्सेल क्लॉक, म्हणजे चित्राचे ठिपके पाठवण्याचा वेग, 148.5 मेगाहर्ट्झ लागतो, 720 ला त्याच्या निम्मा, 74.25. थकलेली केबल कमी वेग पेलते, जास्त वेगाला हात टेकते. या दोन चाचण्या कुणालाही करता येतात आणि मशीनचा एक स्क्रूही काढावा लागत नाही. पुढे भिंतीतल्या डबीत दोन केबलींचा जोड सापडला, तो सैल होता. जोड काढून सलग ऑप्टिकल एचडीएमआय केबल टाकली. तिची टोकं सहसा ठरलेली असतात, ‘सोर्स’ लिहिलेलं लॅपटॉपकडे आणि ‘डिस्प्ले’ लिहिलेलं प्रोजेक्टरकडे. उलटी लावली तर चित्र येतच नाही. तेव्हापासून सिग्नल गेलेला नाही.

त्याच्याही आधी बघण्यासारख्या गोष्टी आहेत. विंडोज लॅपटॉपवर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. प्रोजेक्टरच्या सोर्समध्ये योग्य पोर्ट निवडलंय का पाहा. मध्ये कन्व्हर्टर असेल तर तो काढून किंवा बदलून पाहा. फक्त सिनेमा लावल्यावर पडदा काळा होत असेल आणि बाकी सगळं दिसत असेल, तर ती बहुधा एचडीसीपी या कॉपी-संरक्षणाची अडचण असते, बोर्डाची नाही.

‘नवा बोर्ड’ खरंच बसवला होता का, हेही आम्ही पाहिलं. चित्र उलटं करण्याची छताची सेटिंग आणि आम्ही ठेवलेले रंग मेनूत जसेच्या तसे होते. नव्या बोर्डावर सहसा कारखान्याच्या मूळ सेटिंग असतात. एवढ्यावर आरोप करायचा नव्हता, म्हणून त्या गृहस्थांसमोर मशीन उघडलं. बोर्डावर जुनी धूळ एकसारखी बसलेली, स्क्रूंवरही तीच, आणि बोर्डाच्या स्टिकरवर मशीन बनलं तेच वर्ष. सगळ्याचे फोटो काढले.

मशीन बाहेर द्यावंच लागलं तर आधी बोर्डाचा, सिरियल नंबरचा आणि मेनूतल्या माहितीच्या पानाचा फोटो घ्या. बदललेला जुना भाग परत हवा, असं लिहून घ्या. बिलावर भागाचा क्रमांक मागा. आमच्या बिलावर नुसतं ‘सर्व्हिस व पार्ट’ लिहिलं होतं. आणि परत आल्यावर चाचणी तुमच्या जागेवर, तुमच्या केबलवर, तुमच्या लॅपटॉपवरच करून घ्या. त्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

जुना बोर्ड मागितला तेव्हा ‘तो फेकून दिला’ असं उत्तर मिळालं. फोटो जोडून पैसे परत करण्याची लेखी मागणी केली आहे. तिला अजून उत्तर नाही, फोनही उचलला जात नाही, त्यामुळे आता ग्राहक तक्रारीची कागदपत्रं तयार करतो आहोत.