लंडनचं युनियन चॅपेल: अख्खा हिवाळा फोक ऐकल्यानंतरचा अनुभव

सप्टेंबर ते मार्च, थंडीचा अख्खा सीझन, मी इझलिंग्टनच्या युनियन चॅपेलला, म्हणजे जिथे कॉन्सर्टही होतात अशा एका जुन्या चर्चला, जमेल तेवढ्या फोक आणि रूट्सच्या (लोकसंगीताच्या) गिग्सना गेले. कधी मैत्रिणीबरोबर, कधी नवऱ्याला ओढून, बऱ्याचदा ऑफिसमधून थेट एकटीच. इतकं ऐकून झाल्यावर एक गोष्ट खात्रीने सांगते, ज्यांना इंग्लिश लोकगीतं नुसती चाल म्हणून नाही तर आतली गोष्ट कळून ऐकायची आहेत त्यांनी लंडनमधे सुरुवात इथूनच करावी. कारण इथे शब्द ऐकू येतात. पबमधल्या गिगला ग्लासांचा खणखणाट, मागे कोणाच्यातरी गप्पा, त्यात गाणाऱ्याचा ॲक्सेंट यॉर्कशायरचा नाहीतर ॲबर्डीनचा, मग आपल्याला निम्मं कळतच नाही. इथे मात्र कितव्या कडव्यात कोण मेलं आणि का मेलं हे पहिल्यांदा ऐकतानाच कळायला लागलं, आणि बॅलडमधे, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या गाण्यात, सगळा जीव त्यातच असतो.

आधीच सांगते, ही एकाच संस्थेची एकच सीरिज नाही. वेगवेगळे प्रमोटर इथे गिग लावतात, त्यात रॉक, पॉप, कॉमेडी सगळं असतं, त्यातून फोकवाले आपण निवडायचे.

शब्द इतके स्पष्ट का येतात याचं उत्तर इमारतीतच आहे. १८७७ सालची ही वास्तू, आर्किटेक्ट जेम्स क्युबिट. चर्च काँग्रिगेशनल पंथाचं, म्हणजे प्रवचनाला सगळ्यात जास्त मान, म्हणून क्युबिटने नेहमीसारखं लांबलचक, खांबांच्या रांगांचं चर्च न बांधता मधे मोठी अष्टकोनी मोकळी जागा ठेवली, तीन बाजूंनी गॅलरी आणि समोर पल्पिट (प्रवचनाचा उंच ओटा), की मागच्या माणसालाही बोलणारा दिसावा आणि नीट ऐकू यावा. त्या काळचे इथले पास्टर हेन्री ॲलन यांचा आणखी एक आग्रह होता, की गाणं फक्त कॉयरने म्हणायचं नाही, सगळ्या मंडळींनी मिळून म्हणायचं. विलिस कंपनीचा मोठा ऑर्गन आहे तोसुद्धा पल्पिटच्या मागे जाळीआड लपवलेला, वाजवणारा दिसतच नाही. म्हणजे बघा, बोललेला शब्द आणि सगळ्यांनी मिळून म्हटलेलं गाणं, या दोन गोष्टींसाठीच ही जागा बांधली गेली आणि लोकसंगीताला नेमकं हेच दोन लागतं. साधारण नऊशे माणसं बसतात, पण कुठेही बसलात तरी आपण लांब आहोत असं वाटत नाही.

सगळ्यात भारी रात्री त्या, जेव्हा स्टेजवर एकच बाई उभी असते, वाद्य काही नाही आणि ती दहा-बारा कडव्यांचं बॅलड नुसत्या गळ्यावर म्हणते. ओळ संपली की आवाज वर छतापर्यंत जातो, तिथे क्षणभर थांबतो आणि गाणारी त्याला तेवढा वेळ देते, मगच पुढची ओळ. ज्या गायकांना हे जमतं ते इथे वेगळेच वाटतात. जे घाई करतात त्यांच्या ओळी एकमेकींवर चढतात. फिडल आणि गिटार अशी जोडी सुंदर लागते, कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी) तर फारच, आणि पश्चिम आफ्रिकेचं कोरा नावाचं तंतुवाद्य ऐकलं तेव्हा एकेक तार सुटी ऐकू येत होती, नवरा जो फोकला यायला कुरकुर करतो तोही पूर्णवेळ पुढे सरकून बसला होता.

आणि मग कोरस. इंग्लिश फोकच्या श्रोत्यांची ही रीतच आहे, धृपद आलं की पब्लिक गातं, आणि नुसतं मोठ्याने नाही, कोणी वरचा सूर धरतं कोणी खालचा, कोणी कोणाला शिकवलेलं नसताना. शेजारी बसलेल्या सत्तरीच्या आजी बासमधे गात होत्या हो! सुरुवातीला मी फक्त ऐकायचे, डिसेंबरपर्यंत मीही गायला लागले. शब्द येत नसले तरी दुसऱ्या वेळेपर्यंत पाठ होतात, धृपद त्यासाठीच असतं.

दोन गाण्यांच्या मधे गायक जे बोलतात ते चुकवू नका. गाणं कोणाकडून मिळालं हे सांगितल्याशिवाय बरेचजण सुरू करत नाहीत, हे ससेक्समधल्या रॉटिंगडीनच्या कॉपर घराण्याचं, हे ॲबर्डीनच्या जीनी रॉबर्टसनकडचं, अमुक ओळ मी दुसऱ्या व्हर्जनमधून घेतली. आपल्याकडे गवई चीज कोणाकडून मिळाली ते सांगताना कानाला हात लावतात, तोच आदर. मला तर ऐकताना सारख्या जात्यावरच्या ओव्या आठवत राहिल्या, कारण इथेही कित्येक गाणी बायकांनी काम करता करता जपलेली आणि त्यात सासर, फसवलेली पोर, परत न आलेला भाऊ हेच सगळं. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, त्यातल्या कितीतरी आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकता येतात. अशा ओव्या मोठ्या हॉलमधे, लोक तिकीट काढून, शांत बसून ऐकतायत असं आपल्याकडे का होऊ नये हे मला या हिवाळ्यात फार वाटलं. माझ्या आजीला शेकड्याने येत होत्या, कोणी कधी समोर बसून ऐकल्या नाहीत.

आता जमत नाही ते. दगडी उंच इमारत आहे, आवाज रेंगाळतो, म्हणून फुल ड्रमकिट आणि इलेक्ट्रिक बास असलेला बँड असेल तर सगळं एकमेकांत मिसळतं आणि शब्द जातात, म्हणजे ज्यासाठी आपण आलो तेच जातं. त्यात कोणाचा दोष नाही, जागा त्यासाठी बांधलेलीच नाही. बसायला चर्चची लाकडी बाकडी आहेत, पाठ दुखणाऱ्यांनी छोटी उशी न्यावी, खूपजण आणतात. जानेवारीत कोट अंगावर ठेवूनच बसायचं, स्कार्फसकट.

जागा बहुतेक गिग्सना नंबराच्या नसतात, पहिला येईल त्याला. दारं साधारण सातला उघडतात तर साडेसहाला रांगेत असलं की मधली बाकडी मिळतात, माझ्या मते पुढून चौथ्या-पाचव्या रांगेच्या आसपास आवाज सगळ्यात स्वच्छ. गॅलरीतून चॅपेल छान दिसतं, स्टेजच्या वरच्या गोल खिडकीत वाद्यं वाजवणारे देवदूत आहेत तेही, पण गाणाऱ्याचा चेहरा लांब जातो. तिकिटं मला बहुतेक वेळा २० ते ३५ पाउंडांच्या मधे पडली. हायबरी अँड इझलिंग्टन स्टेशनवरून चालत दोन-तीन मिनिटं. बार वेगळ्या खोलीत आहे, आणि गाणं चालू असताना कोणी येजा करत नाही याचं सगळ्यात मोठं सुख. सपोर्ट ॲक्ट, म्हणजे मुख्य गायकाच्या आधी गाणारे, चुकवू नका, मला आवडलेली दोन नावं तिथेच सापडली.

अजून एक, ही जागा नुसती हॉल नाही. रविवारी अजूनही प्रार्थना होते आणि याच इमारतीत बेघर लोकांसाठी मार्जिन्स प्रोजेक्ट चालतो. १९८० च्या सुरुवातीला तर ही वास्तू पाडायची चर्चा होती, लोकांनी मिळून वाचवली. हे कळल्यापासून तिकिटाचे पैसे मला कधी जास्त वाटले नाहीत.

जायच्या आधी एक काम करा. लंडनमधल्या सेसिल शार्प हाउस या लोकसंगीताच्या केंद्रात व्हॉन विल्यम्स मेमोरियल लायब्ररी आहे तिची साइट फुकट आहे, तिथे प्रत्येक लोकगीताला राउड नंबर (लोकगीतांच्या सूचीतला क्रमांक) असतो, उदाहरणार्थ बार्बरा ॲलनचा ५४, नंबर टाकला की वेगवेगळ्या गावांतली व्हर्जन्स समोर येतात. गायकाच्या अल्बममधली दोन-तीन पारंपरिक गाणी अशी वाचून गेलात तर दुप्पट मजा येते. आणि तिकीट काढताना लाइन-अप बघाच, सोलो किंवा दोघं-तिघं असतील तर डोळे मिटून घ्या, मोठा बँड असेल तर तेच लोक दुसऱ्या एखाद्या हॉलमधे ऐका.